कोपरा फाडलेले कागद

पुष्कळ वर्षांपूर्वी एका सोमवारी दुपारी रमजान पोस्टमनने मला घराबाहेर बोलावले आणि एक कार्ड हातात दिले. कार्डाचा कोपरा फाडलेला होता. मी ते वाचले नाही. आत आलो, कार्ड टेबलावर ठेवले आणि लिहायला बसलो.

या अंकाच्या संपादकांनी पत्र पाठवून माझ्याकडे ‘लेखनजीवनातील काही गमती’ मागितल्या आहेत. वाचक सणाच्या दिवसांत फराळ करता करता वाचतात, तेव्हा मजकूर पचायला हलका असावा, असेही त्यांनी सुचवले आहे. तीस वर्षे मी मासिकांना पचायला हलका मजकूरच पुरवत आलो. गमती सांगतो. हे कार्ड मात्र मधे येईल, त्याला माझा इलाज नाही.

आधी धंदा काय तो सांगायला हवा, कारण बऱ्हाणपुरात जन्म काढून तो मला इथल्या कोणाला नीट समजावता आला नाही. आमच्या गावात कागदावर लिहिणारा माणूस म्हणजे मुन्शी. तो अर्ज लिहितो, खरेदीखत लिहितो, सासरी गेलेल्या मुलीला पत्र लिहितो. शनवारा भागातून चालत निघालो की कोणी ना कोणी थांबवून म्हणे, मुन्शीजी, एक दरखास्त लिहून द्या. मी सांगे, मी अर्ज लिहीत नाही, कादंबऱ्या लिहितो. समोरचा थोडा विचार करी आणि आदराने विचारी, “कोणाच्या वतीने?”

मी लिही ते पुण्याच्या एका मासिकासाठी, क्रमशः. दरमहा एक हप्ता. हप्ता म्हणजे फुलस्केपचे चाळीस पाठकोरे कागद, डावीकडे चार बोटे समास, आणि अक्षर असे की छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याने मला शिव्या देऊ नयेत. विसाव्या तारखेच्या आत ते पुण्याला पोचले पाहिजेत. उशीर झाला तर मी टांगा करून लालबागेच्या स्टेशनावर जाई आणि जादा तिकीट लावून पाकीट थेट गाडीच्या टपालाच्या डब्यात देई. हप्त्याच्या शेवटी कोणीतरी दाराची कडी वाजवावी लागते. बाहेर कोण उभे आहे हे लेखकालाही ठाऊक नसते. ते ठरवायला त्याला एक महिना मिळतो. एवढीच या कलेतली गुप्त विद्या आहे आणि ती मी इथे फुकट सांगून टाकली.

माझा धंदा ज्यांना कळला असे एकच गृहस्थ, माझे थोरले बंधू दादा. ते भिंतीला भिंत लावून राहत. त्यांचे काम कलाबतूचे. चांदीची कांडी एकाहून एक बारीक भोकांतून ओढत न्यायची, केसासारखी तार निघेपर्यंत, मग ती ठोकून चपटी करायची आणि रेशमावर गुंडाळायची. दिवसभर त्यांच्या हातोड्यांची ठकठक माझ्या टेबलापर्यंत येई. माझ्या त्या काळच्या नायिका फार धडधडत्या छातीच्या होत्या, असे एका परीक्षकाने लिहिले होते. त्याचे श्रेय दादांच्या कारागिरांना आहे.

दादा संध्याकाळी ओट्यावर येऊन विचारत, “काय रे, ती बाई मेली का? का अजून खोकूनच राहिली?”

मी म्हणे, अजून तीन हप्ते आहेत.

“पाहा,” दादा रस्त्यावरून जाणाऱ्याला सांगत. “आम्ही एका कांडीची कोसभर तार ओढतो तर लोक वाहवा करतात. हा एका खोकल्याची चौदा महिने ओढून राहिला. कारागीर तर हाच.”

गिऱ्हाइके मलाही होती. कापसाच्या दलालीतले एक शेटजी डब्यात दराबा घेऊन आले आणि मला कादंबरीत घाला म्हणाले. दराबा म्हणजे आमच्या गावची रवा-तुपाची मिठाई. ती खाल्ल्यावर माणसाला नाही म्हणता येत नाही. मी त्यांना उदार, मितभाषी, अनाथांचा वाली असे रंगवले. दोन महिन्यांनी शेटजी रागावून आले. गावात अंक दाखवून ते विचारत फिरले होते की हा कोण ते ओळखा. एकालाही ओळखता आले नव्हते. त्यांच्या मते दोष माझ्या लेखणीचा होता.

आता द्वारकेबद्दल. द्वारका माझी पत्नी. ती सावद्याची, भुसावळच्या वाटेवरच्या केळीच्या मुलखातली. तिची आई लहानपणीच गेली. वडिलांनी, आबांनी, एकट्याने वाढवले. घरची बाग होती, परसात विहीर होती, आणि समजायला लागल्यापासून रहाटाने पाणी ओढायचे काम हिचेच. अक्षरओळखही आबांनीच करून दिली होती. लग्न होऊन आली तेव्हा ती माझ्यापेक्षा सावकाश वाचत असे, पण जे वाचले ते विसरत नसे. लेखकाच्या घरी हा गुण गैरसोयीचा असतो.

हप्ता पाठवण्याच्या आदल्या संध्याकाळी मी तो तिला वाचून दाखवी. ऐकताना तिच्यापुढे नेहमी सूप किंवा परात असे. काही ना काही निवडणे, सोलणे चालू. तिचे हात थांबले की जागा साधली असे मी समजे. हात चालूच राहिले की ते पान पुन्हा लिही. पुण्याच्या परीक्षकांनी माझ्यावर पुष्कळ लिहिले, पण तिच्या हातांइतका खरा अभिप्राय मला कोणी दिला नाही. हे मी तिला कधी सांगितले नाही. पुण्याच्या परीक्षकांना मात्र आभाराची पत्रे पाठवत असे.

एका कादंबरीत मी नायिकेच्या काकांना चौथ्या हप्त्यात मारले. पाचवा हप्ता पाठवताना घाईत टाकाऊ पानांतले एक पान पाकिटात गेले. त्या पानावर काका उठून बसतात आणि सुपारी मागतात. पुण्याला ते तसेच छापले. पुढच्या महिन्यात वाचकांची पत्रे आली. एकाने अभिनंदन केले होते. मला काकांना एक जुळा भाऊ द्यावा लागला आणि तो इतकी वर्षे कुठे होता हे सांगण्यात दोन हप्ते गेले. दादा म्हणाले, सुपारी फार महाग पडली.

तेव्हापासून मी टाकाऊ पानाचा कोपरा फाडू लागलो. जे पान नको ते हातात घ्यायचे, उजवीकडचा वरचा कोपरा फाडायचा आणि टेबलावर कागद अडकवायला ठेवलेल्या उभ्या तारेत खुपसायचे. चांगली पाने सपाट, टाकाऊ पाने तारेवर. पुन्हा चूक म्हणून झाली नाही.

द्वारकेला ते आवडले नाही. त्याचे कारण बाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. आमच्याकडे, खानदेशात आणि निमाडात, मरणाची बातमी कळवायच्या कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात. पाहणाऱ्याला अक्षर वाचण्याआधी कळावे म्हणून. असे कार्ड उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. बाहेर उभे राहून वाचायचे, तिथेच फाडून टाकायचे, आंघोळ करायची, मग घरात यायचे. पोस्टमन ते दारातून आत टाकत नाही. घरच्या पुरुषाला बाहेर बोलावून हातात देतो आणि तो वाचेपर्यंत उभा राहतो.

“घरात कोपरा फाडू नये,” द्वारका म्हणाली. “दुसरी काही खूण करा. तांबडी पेन्सिल घ्या.”

मी तिला अर्धा तास व्याख्यान दिले. कागद हा कागद असतो, मरण हे मरण असते, आणि शिकलेल्या माणसांनी तरी या दोहोंत गल्लत करू नये. मी तेव्हा सुधारक होतो. सुधारक असण्याचे काही फायदे असतात. त्यातला एक असा, की बायकोचे ऐकावे लागत नाही.

तिने आपल्या परीने तोड काढली. रोज पहाटे ती तारेवरचे कागद काढी आणि न्हाणीतल्या बंबात घाली. त्यांकडे पाहायचे नाही, वाचायचे नाही, असा तिचा नियम होता. कोपरा फाडलेला कागद दिवस उजाडल्यावर घरात नको. आमच्याकडे आंघोळीचे पाणी माझ्या टाकाऊ साहित्यावर तापत असे. पाणी चांगले कढत येई. याबाबतीत माझ्या लेखनाविषयी घरात कधी तक्रार झाली नाही.

त्या सोमवारी मी नायिकेच्या वडिलांना मारत होतो. संपादकांचे तसे पत्रच होते. वर्गणी पुन्हा भरण्याचा महिना आला आहे, तेव्हा काहीतरी व्हावे, असे त्यांनी सुचवले होते. वडील मरणशय्येवर मुलीशी बोलतात असा प्रसंग होता. तीन खर्डे टाकून झाले होते, चौथा जमत आला होता. म्हातारा सहा पाने बोलत होता. आयुष्य, कर्तव्य, मुलीचा जन्म, मावळता सूर्य, काही सुटले नव्हते.

बाहेरून रमजानची हाक आली. “मुन्शीजी, जरा बाहर आओ.”

रमजान आमच्या भागात वीस वर्षे टपाल वाटत होता. एरवी तो पायऱ्या चढून ओसरीवर टपाल टाकी आणि द्वारकेकडून पाणी मागून पिई. त्या दिवशी तो पायरीखाली उभा होता, हे मला दिसले आणि दिसले नाही. डोक्यात म्हाताऱ्याचे वाक्य अर्धे होते. मी कार्ड घेतले, ठीक आहे म्हटले आणि वळलो. तो उभाच होता. बहुधा सणाचे मागायचे असेल, असे मला वाटले. त्याचीही मला आता गंमत वाटते.

वाक्य पुरे झाले. संध्याकाळी टेबल आवरले. चांगली पाने एकीकडे लावली. कोपरा फाडलेले जेवढे हाताला आले तेवढे तारेत खुपसले. कार्ड त्यांतच होते. पहाटे द्वारकेने तार मोकळी केली, बंब पेटवला आणि ती न्हायली.

मंगळवारी संध्याकाळी मी तिला हप्ता वाचून दाखवला. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हाताऱ्याच्या भाषणाच्या दुसऱ्या पानावर तिचे हात थांबले. चौथ्या पानावर तिने पदर डोळ्यांना लावला. वाचून झाल्यावर मी काही विचारण्याआधी ती म्हणाली, “म्हातारा बोलतो फार. पण रडू येतं.”

मी माझ्या टिपणवहीत लिहिले, ‘द्वारका रडली. हप्ता उत्तम.’ वही अजून आहे. त्या दिवशी सकाळी सावद्याला तिच्या वडिलांच्या अस्थी सावडल्या होत्या.

हप्ता वेळेवर पुण्याला गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी विष्णू आला. विष्णू द्वारकेचा चुलतभाऊ. तो पायरीखालीच उभा राहिला. द्वारका ओसरीवर होती. तिने त्याच्या डोक्याकडे पाहिले. केस काढलेले होते.

“विष्णू, हे काय रे?”

विष्णूला वाटले ती वेड्यासारखे विचारते आहे. तो म्हणाला, “ताई, उद्या तेरावं. म्हटलं तुला बोलवायला आपणच जावं. तू आली नाहीस. लोक विचारून राहिले.”

“कोणाचं तेरावं?”

मी तोवर बाहेर आलो होतो. विष्णूने माझ्याकडे पाहिले. कार्ड मिळाले नाही का, असे त्याने मला विचारले, तिला नाही. रविवारी पहाटे आबा गेले. त्याच सकाळी कार्ड डाकगाडीत टाकले होते, कोपरा फाडून. मी उत्तर देईपर्यंत द्वारकेने मागे वळून टेबलाकडे पाहिले. दारातून तार दिसत होती. तिच्यावर त्या दिवशीचे दोन-तीन कागद होते.

मग ती म्हणाली, “म्हणजे आंघोळ तर झाली माझी.”

एवढेच. मी तोवर वर्षानुवर्षे माणसांना दुःखाच्या प्रसंगी बोलायला लावत आलो होतो. मूर्च्छा, हंबरडा, भिंतीवर डोके, हे सगळे मला लिहिता येत होते. असे वाक्य मी कधी लिहिले नव्हते.

रमजानला मी वाटेत गाठून विचारले. त्याला सगळे आठवत होते. त्याने कान पकडले. “मैंने तो आपके हाथ में दिया था, मुन्शीजी. आपने देखा, बोले ठीक है, और अंदर चले गए. मैंने सोचा, बडे दिल का आदमी है.”

हा अभिप्राय कुठे छापून आला नाही, तरी मी तो विसरलेलो नाही.

त्याच दुपारच्या गाडीने आम्ही विष्णूबरोबर निघालो. डब्यात विष्णूने आणखी एक गोष्ट सांगितली. ती त्याने सांगितली नसती तर माझे बरे झाले असते. ते कार्ड नुसते बातमीचे नव्हते. शनिवारी संध्याकाळी आबांना बरे वाटत होते म्हणून त्यांनी गावच्या मास्तरांना बोलावून द्वारकेला पत्र सांगितले होते. हात कापत असल्यामुळे त्यांना स्वतः लिहिता येत नव्हते. पहाटे ते गेले. कार्ड तसेच कोनाड्यात होते. मास्तरांनी खाली उरलेल्या जागेत एक ओळ लिहिली, कोपरा फाडला, आणि विष्णूने ते टाकले.

“काय होतं त्यात?” द्वारकेने विचारले.

विष्णूला माहीत नव्हते. मास्तरांना ठाऊक, तो म्हणाला.

द्वारका माझ्याकडे वळली. त्या दिवसात ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. “तुम्ही विचारा,” ती म्हणाली. “काय लिहिलं होतं ते मला सांगा. मग मी काही म्हणणार नाही.”

लग्न झालेल्या मुलीला बापाचे सुतक तीन दिवसांचे, आणि ते कळल्यापासून धरतात. सावद्याच्या घरी तिला मागल्या पडवीत बसवले. तिने स्वयंपाकघरात जायचे नाही, पाण्याला शिवायचे नाही. शेजारच्या बाया तिला वरून पाणी घालत. मी मास्तरांकडे गेलो.

मास्तर सज्जन होते. अर्ध्या गावाची पत्रे तेच लिहीत. त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिले. “आबा सांगत गेले, मी लिहीत गेलो,” ते म्हणाले. “लिहिणाऱ्याच्या कुठं ध्यानात राहतं? तुम्ही तर लेखक. तुम्हाला ठाऊकच आहे.” मी हो म्हटले. प्रकृतीचे काही असेल, खुशाली असेल, ते म्हणाले. मी उठायला लागलो तेव्हा ते म्हणाले, “एक आठवतं. रहाटाचा दोर बदलला असं कळवा म्हणाले. मी म्हटलं, आबा, कार्डावर जागा थोडी, हे कशाला? तर म्हणाले, तेच लिही.”

मी त्यांना दोनदा विचारले, आणखी काही? मुलीची आठवण, आशीर्वाद? मास्तर म्हणाले, असेलही, पण खोटे कसे सांगू?

त्यांना तो प्रश्न पडला. मला पडला नाही. मास्तरांच्या घरापासून आबांच्या घरापर्यंत केळीच्या बागेतून पायवाट आहे. तेवढ्या वाटेत मी ते पत्र रचले. रहाटाचा दोर हा काही बापाचा शेवटचा निरोप होऊ शकत नव्हता. माझ्या कोणत्याही संपादकाने तो परत पाठवला असता. मी आबांना फार बोलायला लावले नाही, माझा अनुभव कामी आला. आईविना वाढलेली पोर, तिच्यात त्यांना मिळालेला आधार, आता काळजी करू नकोस, असे साधेच शब्द होते. मी याहून चांगले क्वचित लिहिले असेल.

पडवीसमोर बसून मी तिला ते सांगितले. मास्तरांना शब्दन् शब्द आठवत होता, असेही सांगितले. तिच्यापुढे सूप नव्हते. हात मांडीवर होते. तिने शेवटपर्यंत ऐकले.

“हे आबा नाहीत,” ती म्हणाली. “हे तुम्ही आहात.”

ती तिथे थांबली नाही.

“आबा मला काळजी करू नको असं कधी म्हणाले नाहीत. काळजी कर, असंच म्हणत. खरं काय ते सांगा. काहीच नव्हतं का?”

तेव्हा मी सांगितले. मास्तरांना एकच गोष्ट आठवते. रहाटाचा दोर बदलला.

ती उठली. पडवीतून परसात उतरली आणि विहिरीपर्यंत गेली. मी मागे गेलो. रहाटाला नवा दोर होता, काथ्याचा, अजून पिवळा. त्याचे टोक काठावर गुंडाळून ठेवले होते. ती त्याच्यापाशी उभी राहिली. हात लावला नाही. सुतक होते.

“मी दिवाळीला इथं आले होते तेव्हा भांडले होते त्यांच्याशी,” ती म्हणाली. “जुना दोर झिजून त्याचे धागे सुटले होते. पाणी ओढताना माझ्या हाताला घट्टे पडले ते त्याच दोराने. म्हटलं, आता तुमचे हात कापतात, एक दिवस तोल जाईल. दोर बदला, नाहीतर मी पुढच्या वेळी येणार नाही. तर म्हणाले, नको येऊ.”

मग ती रडली. मंगळवारी रडली होती तशी नाही. पदर डोळ्यांना लावायचे तिला भान नव्हते. मी टिपणवही बरोबर नेली नव्हती.

चौथ्या दिवशी आंघोळ झाल्यावर तिने त्या दोराने स्वतः पाणी ओढले, गरजेपेक्षा पुष्कळ जास्त. विष्णू म्हणाला, ताई, हौद भरला. ती ओढत राहिली.

बोलल्याप्रमाणे पुढे ती मला काही म्हणाली नाही. मी तांबडी पेन्सिल घेतली. तार दादांना देऊन टाकली. तो हप्ता छापून आला तेव्हा मासिकाकडे पत्रांचा ढीग पडला. कोणी लिहिले की आपले वडील गेले तेव्हा आपण एवढे रडलो नव्हतो. संपादकांनी मला कळवले की आपण मराठी पित्याला अमर केले आहे. ते पत्र मी द्वारकेला दाखवले नाही. माझ्या हातून त्या वर्षी घडलेली शहाणपणाची गोष्ट एवढीच.

हप्ता ऐकायला ती बसत राहिली. पण आता पान आवडले नाही तर नुसते हात चालू ठेवत नसे, तोंडाने सांगे. कोणी मरताना लांब बोलू लागले की ती म्हणे, “हिला काही काम नाही का घरात?” मी ते पान काढी. हळूहळू माझ्या कादंबऱ्यांतली माणसे दळणाबद्दल, कुलपाबद्दल, गाईच्या दाव्याबद्दल बोलू लागली. पुढे तर मी कोणाला मारीनासाच झालो. संपादकांनी एकदा चिंतेने लिहिले, अलीकडे आपल्या कथानकात सगळेच ठणठणीत असतात, वर्गणीदारांवर याचा परिणाम दिसत आहे. दुसऱ्या एका लेखकाने मध्यंतरी क्षयाची नायिका आणली होती. ती माझ्या नायिकांपेक्षा जास्त चालली. दादा म्हणाले, तुझी तार आता तुटून राहिली. बहुतेक खरे असावे. आता लढाईमुळे कागदच मिळत नाही. मासिकाची पाने निम्मी झाली आणि माझा हप्ता बंद झाला. कागदटंचाईचा मराठी वाचकांना एवढा तरी लाभ झाला.

मागच्या फाल्गुनात द्वारका गेली. ताप आला होता, आठ दिवस राहिला. मी तिच्यापाशी बसून होतो. शेवटी तिने विचारले, “दूध झाकलं का?” मी झाकले होते. तसे सांगितले. पुढे ती बोलली नाही.

तिच्या जाण्याची कार्डे मी लिहिली. दादा आता थकले आहेत, तरी काठी टेकत आले आणि मी लिहू का रे, असे त्यांनी विचारले. मी नको म्हटले. प्रत्येक कार्डावर तारीख, वेळ आणि नाव लिहिले. आणखी काही लिहिले नाही. लिहून झाल्यावर एकेका कार्डाचा कोपरा फाडला आणि सगळी रमजानच्या हातात दिली. रमजान आता नोकरीतून मोकळा झाला आहे, पण कार्डे टपालात टाकायला तोच घेऊन गेला.

ती कार्डे आता कुठेच नसतील. वाचून फाडून टाकायची असतात. कोपरे माझ्या टेबलाच्या खणात आहेत.